पावनखिंडीची वाट आणि आपली मुले

श्रोतेहो, पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणारी वाट आपल्यापैकी कित्येकांच्या दारावरून जाते. माझे हे बोलणे ऐकणाऱ्यांत त्या वाटेवरच्या वाड्यांतले शेतकरी असतील, आणि दर पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे जाणारे शिक्षकही असतील. आज मला दोघांशीही बोलावयाचे आहे.

वाट तुम्हांला ठाऊकच आहे. पन्हाळगड उतरायचा, म्हाळुंगे मागे टाकून मसाई पठारावर चढायचे, पठार ओलांडून कुंभारवाडी, खोतवाडीकडे उतरायचे, मग करपेवाडीसारख्या लहान लहान वाड्या घेत आणि ओढे ओलांडत पांढरपाणी गाठायचे, आणि तेथून खिंडीत. बहुतेक लोक याला दोन दिवस घेतात. विशाळगडापर्यंतचे अंतर किती, याचा हिशेब प्रत्येक जण निराळा सांगतो. कोणी पन्नास किलोमीटर म्हणतो, कोणी साठाच्या वर नेतो. गुडघाभर चिखलात पायांना दोन्ही हिशेब सारखेच लागतात.

१६६० च्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते याच मुलखातून, आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड रोखून धरली तीही याच वाटेच्या शेवटी. म्हणून तर आषाढात येथे एवढी गर्दी होते. शाळांच्या तुकड्या येतात, महाविद्यालयांचे छात्र येतात, निरनिराळी मंडळे येतात. यावे, जरूर यावे. फक्त एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. त्या रात्री महाराजांबरोबर सहाशेच्या आसपास माणसे होती असे परंपरा सांगते. एवढी माणसे भर पावसात, अंधारातून गेली, आणि शत्रूला काही काळ त्यांचा सुगावासुद्धा लागला नाही. आमची चाळीस मुलांची सहल निघाली की तिचा सुगावा दोन डोंगरांपलीकडच्या गुरांनाही लागतो!

हे मी दुसऱ्या कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. २०१५ सालच्या जुलैत मी स्वतः बेचाळीस विद्यार्थी घेऊन या वाटेने गेलो होतो. आम्ही तिघे प्राध्यापक बरोबर होतो. पठारावर धुके दाट होते, एकदा चुकलो, आणि मुक्कामाच्या वाडीत पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेली. वाडीचे नाव सांगत नाही, कारण तेथे नाव घेण्याजोगे आमच्या हातून काही घडले नाही. देवळात झोपायला जागा मिळते असे कोणी तरी सांगितले होते. आधी जाऊन विचारावे असे मात्र आम्हां तिघांपैकी एकालाही सुचले नव्हते.

देवळात तीन माणसे होती. सांगलीकडचे साठी उलटलेले एक गृहस्थ, त्यांचा बारा-तेरा वर्षांचा नातू, आणि एकटाच चालणारा एक तरुण. दुपारी चारलाच येऊन त्यांनी कोपऱ्यात पथारी पसरली होती, ओले कपडे दोरीवर वाळत घातले होते, आणि शेजारच्या घरातून आलेली भाकरी खात ते बसले होते. आमची मुले आत शिरली. कोणी उद्धटपणा केला नाही, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. "आजोबा, जरा सरकता का?" असेच त्यांनी विचारले. आजोबा सरकले. आणखी पाच जण आले, त्यांनीही तसेच विचारले. आजोबा पुन्हा सरकले. अर्ध्या तासात त्यांची पथारी उंबऱ्यापाशी आली. तेथे पागोळ्यांचे पाणी उडत होते. मग त्यांनी काही न बोलता सामान आवरले, दोरीवरचे ओले कपडे काढले, आणि नातवाचा हात धरून ते पलीकडच्या गोठ्यात निजायला निघाले. मी पुढे झालो, तर म्हणाले, "असू द्या सर. पोरं दमल्यात. आम्ही दोघंच हाय, कुठंबी मावतो."

मी त्यांना जाऊ दिले. माझीही पाठ दुखत होती, आणि मनातल्या मनात मला सुटल्यासारखेच झाले होते. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि गोठ्यातून त्या मुलाच्या खोकण्याचा आवाज येत होता. आमची मुले बारापर्यंत गाणी म्हणत होती.

सकाळी एक शेतकरी आला. डोक्यावर खोळ, हातात खुरपे. मोठ्या अदबीने म्हणाला, "सर, पोरं गुणाची हायती तुमची. पन काल सांजचं बांधावरनं न्हाई आली, तरव्यातनं आली." तरवा म्हणजे काय ते या भागातल्या श्रोत्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. भाताची रोपे आधी एका लहानशा वाफ्यात दाट उगवतात, आणि मग उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. तो वाफा म्हणजे साऱ्या शेताची बेगमी. त्यातून एक माणूस चुकून गेला तर मूठभर रोपे मोडतील. पण बेचाळीस जण एकामागून एक, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकीत गेले, तर तेथे वाटच तयार होते. ती वाट मी जाऊन पाहिली. मी पैसे काढले. त्याने घेतले नाहीत. घेतले असते तरी काय होणार? आषाढाच्या मध्यावर नवीन तरवा टाकता येत नाही, आणि उसना मागायचा तर ज्याची लावण उरकून रोपे शिल्लक आहेत असा शेजारी भेटावा लागतो.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला. बेचाळीसांपैकी एकाही मुलाला मी दोष देऊ शकत नाही. त्यातला कोणताही एक मुलगा एकटा त्या देवळात गेला असता, तर त्याने आजोबांचे पाय चेपून दिले असते! एकटा माणूस अनोळखी वाडीत शिरताना आवाज खाली आणतो. कोणाच्या तरी दाराशी उभा राहून विचारतो. वाट कोठून आहे ते पाहतो, कारण पाहिले नाही तर चुकेल. टोळीतला मुलगा पुढच्याची पाठ पाहतो. त्याचे गाव त्याच्याबरोबरच चालत असते, मग वाटेवरच्या गावाकडे त्याने का पाहावे? आणि पुन्हा असे की एकेकटे येणारे बेचाळीस वाटसरू दिवसभरात, आठवडाभरात विखरून येतात. आडावर त्यांची रांग लागत नाही. टोळी येते ती सगळी एकाच घटकेला येते, आणि तिला पाणी, चूल, आडोसा, सगळे त्याच घटकेला हवे असते.

असाच प्रश्न अमेरिकेतही आलेला आहे. तेथे पूर्वेकडच्या डोंगररांगांतून ॲपलेशियन ट्रेल नावाची पायवाट जाते. बेंटन मकाय या गृहस्थांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती सलग झाली, आणि १९६८ मध्ये कायद्याने तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला. चौदा राज्यांतून जाणारी, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची ही वाट. काही लोक ती एका दमात, म्हणजे पाच-सहा महिन्यांत, चालून जातात. १९५५ साली एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने ती एकटीने पुरी केली. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायांत कापडी बूट. आपल्याकडे वारीला निघालेली एखादी आजी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या बाई कशा दिसत असतील ते समजेल.

त्या वाटेवर ठिकठिकाणी लाकडी पडव्या बांधलेल्या आहेत. तीन बाजूंना भिंत, चौथी उघडी. अशा अडीचशेहून अधिक पडव्या आहेत. बहुतेक पडव्यांतून जागा राखून ठेवता येत नाही. जो आधी येईल तो आत झोपेल. आता एखाद्या पडवीत आठ-दहा माणसे मावतात, आणि संध्याकाळी बालवीरांचे पथक येऊन थडकते. पथक सकाळीच निघालेले, ताज्या दमाचे. महिनोन् महिने चालत आलेला एकटा माणूस मात्र सूर्यास्ताला पोचतो, तोवर पडवी भरलेली. कुरबुरी होणारच. तेव्हा त्या वाटेची देखभाल करणाऱ्या संस्थेने पथकांना काही गोष्टी सुचविल्या आहेत. मुक्काम करावयाचा तर पथक दहा जणांच्या वर नसावे. पथकाने आपले तंबू आपणच बाळगावेत, आणि पडवी एकेकट्यांसाठी सोडावी. कोणत्या रात्री कोठे उतरणार ते आधी कळवावे. यांतली तंबूची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. पाऊस दोघांवरही पडतो, पण पथकाच्या मागे शाळा असते, पालक असतात, तयारीला महिनाभर सवड असते. एकट्यापाशी पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढेच असते.

आपल्याकडे पडव्या नाहीत. देवळे आहेत, शाळांचे व्हरांडे आहेत, आणि लोकांची घरे आहेत. म्हणजे आपल्या वाटेवर उपकाराचे ओझे अधिकच आहे. तेथली पडवी वाटसरूंसाठीच बांधलेली असते. आपण ज्या देवळात झोपतो ते गावाचे देऊळ असते, आणि सकाळी काकडआरतीला येणाऱ्या माणसाला आपल्या ओल्या मोज्यांवरून पाय टाकावा लागतो.

दुसऱ्या वर्षी मी दहा-दहा मुलांच्या चार तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीबरोबर एक शिक्षक, आणि दोन तुकड्यांत अर्ध्या तासाचे अंतर. जूनमध्येच दोन वाड्यांतून जाऊन आलो, सरपंचांना आणि पोलीसपाटलांना भेटलो, शाळेच्या गुरुजींना भेटलो. दोन तुकड्यांची सोय शाळेत झाली, दोन तुकड्यांसाठी ताडपत्र्या नेल्या. देऊळ मोकळे ठेवायचे, असे ठरले. सारे कसे शहाणपणाचे वाटले! आणि झाले काय, तर मसाई पठारावर तिसरी तुकडी हरवली.

ज्यांनी ते पठार पावसाळ्यात पाहिलेले नाही त्यांना कल्पना यावयाची नाही. जांभ्या दगडाचा तो विस्तीर्ण सडा, झाड असे जवळजवळ नाहीच, आणि एकदा धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तीन तास आम्ही शिट्ट्या मारीत फिरत होतो. शेवटी एक धनगर त्या दहा जणांना पठाराच्या काठाकडून घेऊन आला. तुकडीबरोबरचे सहकारी माझ्यावर संतापले होते, आणि त्यांचा संताप रास्त होता. "तुमच्या सभ्यतेपायी पोरं दरीत जायची होती," असे ते म्हणाले. मी काय उत्तर देणार?

तेव्हा आता मी असे करतो. पठारावर आणि ओढ्यावर सगळे एकत्र. ओढा फुगला असेल तर एकही मूल मोठ्या माणसावाचून पाण्यात पाय घालणार नाही, मग मागे कितीही लोक खोळंबोत. आणि पाणी उतरले नाही तर मुकाट्याने मागे फिरायचे. पण पठार उतरून वाड्या लागल्या, शेते लागली, की दहा-दहाच्या तुकड्या, आणि प्रत्येकीबरोबर एकाऐवजी दोन मोठी माणसे. त्यातले एक सर्वांत पुढे. बांध कोठून जातो ते त्याने पाहावयाचे, कारण मागचे सारे त्याचीच पाठ पाहणार आहेत. आणि माणसे पुरत नसतील तर मुले कमी न्यायची. हे शेवटचे फार जड जाते. नाव दिलेल्या मुलाला नाही म्हणणे कोणत्या शिक्षकाला आवडेल? पण एका सहलीऐवजी दोन सहली काढता येतात. बारा जुलैलाच गेले पाहिजे असे कोठे आहे? श्रावणात हीच वाट निवांत असते, आणि पुढे भाद्रपदात पठारावर फुलेही दिसतात.

एका गोष्टीचा उच्चार भाषणात कोणी करीत नाही, म्हणून मी करतो. चाळीस मुलांच्या प्रातर्विधीचे काय? एकटा माणूस पाण्यापासून साठ-सत्तर पावले दूर जाऊन वीतभर खड्डा खणतो, काम भागते. पठारावर तेवढी मातीच नाही. जांभ्यावर चार बोटे माती, तिच्याखाली दगड. आणि वरचे सगळे पावसाबरोबर खालच्या झऱ्याला जाते, जो झरा खालच्या वाडीचा पिण्याचा आहे. म्हणून मुक्कामाची जागा निवडताना मी आधी शाळेचे शौचालय उघडे आहे का, तेथे पाणी आहे का, हे विचारतो. देखावा वगैरे मागाहून.

आता दुसऱ्या बाजूचे दोन शब्द. एकेकटे, दोघे-तिघे हिंडणाऱ्या काही मंडळींना शाळेची मुले दिसली की कपाळाला आठ्या पडतात. "आली जत्रा," असे मी माझ्या कानांनी ऐकलेले आहे. त्यांनाही माझे सांगणे आहे. वाट शांततेसाठी आहे हे खरे, पण बारा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा डोंगरावर आला की ओरडणारच. धबधबा पाहून जो ओरडत नाही त्या मुलाची मला काळजी वाटते. त्याला दिवसा ओरडू द्या. रात्री नऊनंतर मी त्याला गप्प करतो, तेवढे माझ्याकडे लागले. कर्णे आणि ते खांद्यावरचे वाजते खोके मात्र आम्ही घरीच ठेवून येतो. त्याबद्दल मुले कुरकुरतात. कुरकुरू देत.

आणि वाडीवरच्या श्रोत्यांना एक विनंती आहे. तुम्ही फार सोसता. तरवा तुडवला गेला तरी "पोरं गुणाची हायती" म्हणता. त्यामुळे आम्हां मास्तरांना काही कळतच नाही. त्या शेतकऱ्याने संध्याकाळीच, मुलांच्या देखत, चार शब्द खडसावून सांगितले असते तर बेचाळीस जणांना जन्मभर बांध आणि तरवा यांतला फरक कळला असता. पाहुण्याला बोलू नये ही आपली रीत. पण चाळीस पाहुणे न सांगता आले तर ती रीत चालवणे एका घराच्या आवाक्यातले नाही. ग्रामसभेत ठरवा. तुकड्यांनी कोठे उतरावे, आडाचे पाणी घ्यावे की नळाचे, भाकरीचे काय पडतील, हे पाटीवर लिहून लावा. भाकरीचे पैसे सांगायला लाजू नका. आम्ही सहलीची वर्गणी घेऊनच आलेलो असतो.

गेल्या वर्षी जुलैत मी पुन्हा त्या वाटेने गेलो. माझ्याबरोबर अकरा मुले होती, बाकीच्या दोन तुकड्या मागे होत्या. खोतवाडीच्या पुढे एका ठिकाणी वाट खाचराच्या बांधावरून जाते, आणि बांध अगदी अरुंद. समोरून दोन बाया डोक्यावर तरव्याच्या पेंढ्या घेऊन येत होत्या. पुढे चालणाऱ्या मुलीने मागे हात केला आणि आम्ही सारे मागे सरलो, पार रुंद वाटेपर्यंत, वीसपंचवीस पावले. बायांना काही घाई नव्हती. त्या सावकाश आल्या. जाता जाता त्यांतल्या एकीने विचारले, "कुठल्या शाळेची गं पोरं?" मुलीने सांगितले. मग त्या बाईंनी एक पेंढी खाली ठेवली आणि लावण करून बघता का म्हणून विचारले.

मागच्या दोन्ही तुकड्या येईपर्यंत आम्ही गुडघाभर चिखलात होतो. खिंडीत पोचायला त्या दिवशी आम्हांला बराच उशीर झाला.